लघवीचं कल्चर: आधी नमुना, मग गोळी

लघवीला जळजळ सुरू झाली की विकसनशील देशांत बरेच जण थेट दुकानातून सिप्रोफ्लॉक्सासिन घेतात आणि गुण आला नाही तरच कल्चरला, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये प्लेटवर वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहण्याच्या तपासणीला जातात. याच औषधाला आता इ. कोलाय हा जंतू अनेकदा जुमानत नाही, आणि घराबाहेर झालेल्या मूत्रसंसर्गात सर्वाधिक सापडतो तोच. शिवाय एका डोसनंतरही प्लेटवरची वाढ दबू शकते. मग रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ (वाढ नाही) येतं आणि कोणतं औषध चालेल ते कळत नाही.

लॅबमधून निर्जंतुक डबी आणा; घरातली धुतलेली बाटली चालत नाही. शक्यतो सकाळची पहिली लघवी द्या. हात धुवा. बायकांनी जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुऊन योनीचे ओठ बोटांनी बाजूला धरावेत, पुरुषांनी लिंगाच्या टोकावरची त्वचा मागे सारावी. जंतुनाशक वापरू नका, त्याचा अंश डबीत गेला तर वाढ होत नाही. सुरुवातीची धार सोडून द्या, धार न थांबवता मधली 20-30 मिलि डबीत घ्या. झाकण आतल्या बाजूने कुठेही टेकवू नका. नमुना बहुधा इथेच बिघडतो.

डबी 2 तासांत लॅबला पोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये 4 अंशांवर, फार तर 24 तास. शरीराच्या तापमानाला इ. कोलाय साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे उकाड्यात राहिलेल्या डबीतला आकडा फसवा असतो.

रिपोर्टमध्ये 1,00,000 सीएफयू (वाढणाऱ्या जंतूंच्या मोजणीचं एकक) प्रति मिलि किंवा जास्त म्हणजे ठळक वाढ. त्रास असेल तर कमी आकडाही महत्त्वाचा ठरतो. तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र दिसले तर नमुना दूषित समजा, पुन्हा द्या. ‘ईएसबीएल’ (जंतूने बनवलेलं, अँटिबायोटिक मोडणारं एन्झाइम) लिहिलं असेल तर सेफिक्सिमसारखी औषधं निरुपयोगी. अशा वेळी साध्या मूत्राशयाच्या संसर्गात नायट्रोफ्युरँटॉइन (लाँग-अ‍ॅक्टिंग 100 मिग्रॅ, दिवसातून दोनदा, 5 दिवस) किंवा फॉस्फोमायसिन (3 ग्रॅम, एकदाच) बऱ्याचदा अजून लागू पडतं. मात्र प्रोटियस या जंतूवर नायट्रोफ्युरँटॉइन मुळातच चालत नाही, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते टाळतात. म्हणून रिपोर्टवर औषधापुढचं ‘एस’ (जंतू त्या औषधाला दबतो) पाहून स्वतः औषध निवडू नका. कल्चरला 2-3 दिवस लागतात; त्रास जास्त असेल तर डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात, रिपोर्ट आल्यावर गरजेप्रमाणे बदलतात.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या झाल्या तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. तिथे नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही दोन्ही औषधं पुरत नाहीत. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उलट, काहीच त्रास नसताना रिपोर्टमध्ये जंतू दिसले तर गर्भारपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेली असल्याशिवाय सहसा अँटिबायोटिक लागत नाही.