नळ आठव्या दिवशी येतो, म्हणून कण्हेर

आमच्या गावात नळ आठव्या दिवशी येतो, उन्हाळ्यात दहाव्या. त्या पाण्यात आधी माणसं, मग गाय, मग तुळस. मोगरा दोनदा लावला, दोन्ही वेळा वाळला. शेवटी फाटकाजवळ कण्हेर लावली. तिला आता सातवं वर्ष आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी गल्लीत तेवढीच गुलाबी दिसते.

पहिली कण्हेर मात्र माझ्या हातून मेली, आणि तीही पाण्यानं! आमचं आंगण काळ्या मातीचं. मी खड्डा केला, तीच माती परत लोटली, वर छान आळं केलं. श्रावणात झड लागली, आळ्यात चार दिवस पाणी तुंबलं. जरा उघडीप दिसली की मी वर आणखी बादली ओतायची. ओसरीवर बसलेले सासरे म्हणाले, "पाणी कायले टाकतं वं तिले? तो का धान हाय?" ऐकलं नाही. आठवड्याभरात पानं पिवळी, उपटून पाहिलं तर मुळं काळी आणि लिबलिबीत.

दुसऱ्या वेळी दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेतला. निघालेल्या मातीतली निम्मी बाजूला टाकली, तिच्या जागी मुरूम आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत. रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंचवट्यावर लावलं. आळं केलं ते दिवाळीनंतर. कुंपणासाठी लावायची असेल तर दोन रोपांत चार-पाच फूट ठेवा. ऊन दिवसभर हवं. सावलीत ती नुसती उंच होते, फुलत नाही.

रोप विकत आणायची गरज नाही. जुलैमध्ये कुणाच्या तरी झाडाची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी मागून आणा. खालची पानं काढा, मुरूम मिसळलेल्या मातीत खोचा, सावलीत ठेवा. पाण्याच्या बाटलीतही महिन्याभरात मुळं फुटतात, पण ते पाणी विषारी होतं, म्हणून बाटली पोरांपासून आणि कोंबड्यांपासून लांब ठेवा.

पहिलं वर्ष आठवड्याला एक बादली. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यातही पंधरा-वीस दिवसांनी दिली तरी चालते. ती एवढं कसं सोसते ते मला लेकीच्या अकरावीच्या पुस्तकातून कळलं. पानांची श्वासाची छिद्रं उघड्यावर नसतात; पानाच्या खालच्या बाजूला बारीक खळगे असतात, त्यात केसांआड ती लपलेली असतात. मग वारा कितीही तापला तरी ओल लवकर उडत नाही.

कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा येतो. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारला की बराचसा गळतो. नाहीच गेला तर निंबोळी अर्क. कधी कधी डोक्याशी निळे डोळे काढल्यासारखे ठिपके असलेली जाड हिरवी अळी दिसते. ती कण्हेरीचीच पाहुणी. मी वेचून लांब टाकते.

फूल नव्या फुटव्याच्या शेंड्यावर येतं, म्हणून बहर ओसरला की फांद्या एक तृतीयांश छाटा. बुडातून फुटणारे धुमारे मी ओढून काढते, नाहीतर झुडूप झिपरं होतं.

आणि आता छाटणीचं. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. उभ्या झाडाला शेळी सहसा तोंड लावत नाही, पण वाळलेलं पान चाऱ्यात मिसळलं की तिला कळत नाही आणि विष तर तसंच राहतं. एका वर्षी मी फांद्या कुटाराच्या ढिगाशेजारी टाकल्या. शेजारच्या शेळीनं वाळलेली पानं खाल्ली. डॉक्टर येईपर्यंत ती गेली होती. ते घर दोन महिने आमच्याशी बोललं नाही, आणि चूक आमचीच होती.

आता छाटणी झाली की मी लगेच खड्डा करून सगळं पुरते. पऱ्हाट्यांबरोबर चुलीत तर अजिबात नाही, धूरही बाधतो. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. पिवळ्या कण्हेरीचे बिट्टे पोरं खेळायला वेचतात, तेही तेवढेच घातक. म्हणून ती मी आंगणात लावलीच नाही.

सासरे रोज सकाळी पाच फुलं खुडून महादेवाला नेतात. परत आले की मी आधी साबण पुढे करते, मग चहा.