अपडेट उतरलं म्हणजे बसलं असं नाही! संगणक अद्ययावत ठेवताना या चुका टाळा

आधी हे करा, मग पुढे वाचा. सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट' उघडा, 'अपडेट हिस्टरी'वर क्लिक करा आणि 'क्वालिटी अपडेट्स'खालची सगळ्यात वरची ओळ बघा. तिच्यापुढे 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' असं लिहून तारीख असते. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेची अपडेट्स सोडते. २००३पासूनचा हा शिरस्ता आहे. तिकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात, म्हणजे आपल्याकडे हिशेब बुधवारचा. तुमच्या यंत्रावरची तारीख गेल्या दुसऱ्या मंगळवारच्या आधीची असेल, तर अपडेट कुठेतरी अडकलंय. कुठे, ते शोधायचं.

त्याच पानावर खाली 'डेफिनिशन अपडेट्स' असा वेगळा मथळा असतो आणि तिथे जवळजवळ रोजची तारीख दिसते. बरेच जण ती बघून निर्धास्त होतात. ती फक्त डिफेंडरची, म्हणजे अँटिव्हायरसची, नव्या व्हायरसांची यादी असते. चोर ओळखायला शिकलेला वॉचमन आणि तुटकी कडी दुरुस्त करणारा सुतार यांच्यात जेवढा फरक, तेवढाच इथे आहे. क्वालिटी अपडेट हा सुतार.

रोज बंद करतो की! मग?

सगळ्यात जास्त अपडेट्स इथे अडकतात. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुतेक यंत्रांवर आधीपासून चालू असते. तिच्यामुळे नुसतं 'शट डाउन' केलं की विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. 'रीस्टार्ट' मात्र सगळं खरोखर मिटवून नव्याने उभं करतं. वापरात असलेल्या फाइली बदलायला अपडेटला नेमकं तेच हवं असतं. म्हणून रोज संध्याकाळी न चुकता बंद होणारा संगणकाचा डबाही तीन-तीन आठवडे 'रीस्टार्ट रिक्वायर्ड'वर बसून राहतो.

त्यात आपल्या ऑफिसांची एक सवय भर घालते. निघताना शेवटचा माणूस मेन स्विच पाडून जातो. विंडोजला रीस्टार्ट करायचं असतं ते 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स'च्या बाहेर, म्हणजे रात्री, आणि रात्री वीजच नसते. घरच्या लॅपटॉपचं वेगळं. ६:२२ची फास्ट लोकल गाठायची म्हणून 'अपडेट अँड शट डाउन' दाबून लगेच झाकण मिटवतात आणि लॅपटॉप बॅगेत जातो. झाकण मिटलं की बहुतेक लॅपटॉप झोपतात आणि काम अर्धवट राहतं.

उपाय साधा आहे. दुसऱ्या मंगळवारनंतरचा एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत चार्जर लावून 'रीस्टार्ट नाऊ' दाबा. जेवून परत येईपर्यंत बहुतेक वेळा काम झालेलं असतं. सीएंची आणि अकाउंटंटची ऑफिसं तारखांना घाबरून अपडेट टाळतात. घाबरणं रास्तच आहे, पण हिशेब मांडून बघा. दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो. दरमहा भरणाऱ्यांचं जीएसटीचं विवरणपत्र जीएसटीआर-१ अकरा तारखेला, ३बी वीस तारखेला. १६-१७ हा मधला पट्टा बहुधा मोकळा असतो. आधी अकाउंटिंगच्या डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा, अपडेट मारायचं, मग डिजिटल सहीचा टोकन लावून एकदा लॉगिन करून बघायचं. टोकनचा ड्रायव्हर रुसला, तर तो १६ तारखेला रुसलेला परवडतो, २०ला नाही.

'पॉज' दाबून विसरणं

विंडोज ११मध्ये अपडेट जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येतं. चार-पाच दिवस थांबण्यात काही चूक नाही. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर आणून ठेवली. त्यामुळे 'आधी दुसऱ्यांचं काय होतं ते बघू' हा विचार वेडगळ नाही. प्रश्न एवढाच, की किती दिवस बघायचं.

२०१७चं उदाहरण घ्या. फाइल शेअरिंगमधल्या एका छिद्रावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिलं. त्याच छिद्रातून १२ मेला वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला. मध्ये ५९ दिवस होते. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, तेव्हा १०५ दिवस उलटले होते, आणि तरीही ते छिद्र उघडं असलेली यंत्रं त्याला सापडली. नॉटपेट्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा पाडली आणि तिच्याच समूहाकडे असलेलं आपल्या न्हावा-शेव्याचं एक टर्मिनलही विस्कळीत झालं. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. नॉटपेट्या घुसला तो युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि चोरलेले पासवर्ड वापरूनही तो पुढे सरकत होता. सगळा दोष न बसवलेल्या अपडेटचा नव्हता. पण बसवलेलं असतं तर त्याची एक वाट बंद झाली असती.

'फेल्ड' आलं की लगेच फॉरमॅट

फॉरमॅट मारणं हा शेवटचा उपाय आहे. आपल्याकडे तो पहिला असतो. त्याआधी पुढची कारणं तपासा.

जागा नाही: कोडच्या शेवटी ८००७००७० असेल, तर सी ड्राइव्ह भरलाय. जुन्या १२८ जीबीच्या एसएसडीवर हे हटकून होतं. किमान २० जीबी मोकळी ठेवा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, मग 'टेम्पररी फाइल्स' असं जा आणि 'विंडोज अपडेट क्लीनअप'वर टिक करा. त्याच यादीत 'डाउनलोड्स' अशीही एक ओळ असते. तिच्यावर टिक करू नका, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवलेले आधार, पॅन आणि बिलं सगळं एका फटक्यात जाईल.

घड्याळ चुकलंय: हे कारण पटकन कोणाच्या लक्षात येत नाही. जुना डबा चालू केल्यावर तारीख एकदम काही वर्षं मागची दिसते, ब्राउझर म्हणतो 'युवर क्लॉक इज बिहाइंड', आणि अपडेट सर्व्हरशी जोडलंच जात नाही. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राला 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. तुमचं यंत्र २०१५मध्ये वावरत असेल, तर त्याच्या लेखी आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. दोष असतो मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा. सीआर२०३२, तीन व्होल्ट, लॅमिंग्टन रोडवर शंभराच्या आत मिळतो. बदलताना वीज काढा, जुना सेल कोणत्या बाजूने बसलाय ते बघा (अधिकचं चिन्ह वर), आणि सेल काढण्याआधी बायोसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरच्या) पानांचे मोबाइलवर फोटो घ्या. सेल काढल्यावर बायोस मूळ स्थितीत जाऊ शकतं. डिस्कचा 'मोड' बदलला तर विंडोज उघडतच नाही, आणि मग लोक म्हणतात सेल बदलला आणि हार्ड डिस्क गेली.

हॉटस्पॉट: मोबाइलवरून इंटरनेट घेत असाल आणि जोडणीवर 'मीटर्ड' (म्हणजे डेटा जपून वापरा) लागलेलं असेल, तर विंडोज मोठी अपडेट्स उतरवतच नाही. ऑफिसात पाच-सहा यंत्रं असतील तर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये 'लोकल नेटवर्क' निवडा. एकाने उतरवलेलं बाकीचे त्याच्याकडून घेतात, डेटा वाचतो.

यातलं काही लागू पडलं नाही, तर विंडोज ११मध्ये सिस्टिम, रिकव्हरी, 'फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट' इथे 'रिइन्स्टॉल नाऊ' आहे. फाइली, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज जागेवर ठेवून विंडोज पुन्हा बसतं. फॉरमॅटसाठी माणूस बोलवायच्या आधी हे करून बघाच.

बायोस अपडेट, आणि किल्ली कोणाकडे?

बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. या कुलपाचं नाव बिटलॉकर. बायोसचं अपडेट बसलं, की पुढच्या वेळी चालू करताना निळ्या पडद्यावर ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ही की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात जमा असते. आता आठवा, ते खातं कोणी उघडलं होतं? दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलने लॅपटॉप 'सेट करून' दिला असेल, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्या खात्यात आहे. दोन वर्षांनी तो तिथे कामाला नसतो. की नाही तर डेटा नाही, कितीही पैसे मोजा. म्हणून आजच मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर 'डिव्हाइसेस'मध्ये जाऊन की दिसते का बघा, आणि ती कागदावर लिहून कपाटात ठेवा. त्याच लॅपटॉपमधल्या फाइलीत ठेवून उपयोग नाही. बायोसचं अपडेट करताना चार्जर लावलेला हवा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर. मधेच वीज गेली तर मदरबोर्ड जाऊ शकतो.

जुनं विंडोज आणि डीटीपीचा डबा

विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. ऑफिस २०१६ आणि २०१९चीही त्याच दिवशी. डिफेंडरची यादी मात्र विंडोज १०ला अजून येत राहते, म्हणून वरवर सगळं ठीक वाटतं. घरगुती यंत्रांना मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेची अपडेट्स मिळतात. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती लागते. ही जादा मुदत आहे, तोडगा नाही.

गिरगाव-प्रभादेवीच्या छपाईवाल्यांची अडचण खरी आहे. जुना मराठी फॉण्टचा प्रोग्रॅम विंडोज ७वर डाँगल (परवान्याची यूएसबी किल्ली) लावूनच चालतो आणि वीस वर्षांच्या लग्नपत्रिका त्या फॉण्टमध्ये आहेत. तो डबा फेकू नका, पण त्याची इंटरनेटची केबल काढा. वायफाय असेल तर तेही बंद करा. ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या, अद्ययावत यंत्रावर उघडायचं. मजकूर पेनड्राइव्हने न्यायचा, तोही त्याच यंत्रावर स्कॅन करून. नवं काम युनिकोडमध्ये सुरू करायचं. जुन्या यंत्रावर 'फक्त प्रूफ पाठवायला' म्हणून पाच मिनिटं नेट लावलं, की तिथेच सगळी मेहनत वाया जाते.

विंडोज झालं, बाकीचं?

झिप-रार फाइली उघडणारं विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. २०२३मध्ये त्यातलं गाजलेलं छिद्र ६.२३मध्ये बुजवलं, २०२५मधलं दुसरं ७.१३मध्ये. दोन्ही हल्लेखोरांनी प्रत्यक्ष वापरली. 'हेल्प'मधल्या 'अबाउट'मध्ये आवृत्ती बघा, आणि ७.१३पेक्षा जुनी असेल तर मूळ संकेतस्थळावरून नवी घ्या. विनरार लागतच नसेल तर सरळ काढून टाका. नसलेल्या सॉफ्टवेअरला अपडेट लागत नाही. क्रोम स्वतः अपडेट उतरवतं, पण चाळीस टॅब उघडे ठेवून पंधरा दिवस चालवलं तर ते बसत नाही. 'अबाउट क्रोम'मध्ये जाऊन 'रीलाँच' दाबा, टॅब परत येतात.

अपडेट कधीही कोणत्याही पानावरच्या खिडकीतून घ्यायचं नाही. 'तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे क्लिक करा' म्हणणारं पान बंद करा. मोबाइलवर 'गॅसचं बिल अपडेट करा' म्हणत आलेली एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइलही त्यातलीच. ती चुकून बसवलीत आणि पैसे गेले, तर आधी बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

राहता राहिला राउटर. केबलवाल्याने दिलेला असेल तर फर्मवेअर, म्हणजे राउटरमधलं सॉफ्टवेअर, बहुधा त्याच्याच हातात असतं. त्याला फोन करून विचारा, शेवटचं अपडेट कधी केलंस आणि बाहेरून राउटर उघडायची सोय बंद आहे ना. सोसायटीच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) असेल तर हाच प्रश्न सेक्रेटरींना विचारा, आणि लॉगिनचा पासवर्ड अजून 'अ‍ॅडमिन' आहे का तेही.