प्रायव्हेट लिमिटेड असूनही घर का जातं? मालकांनी या चुका टाळाव्यात

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड केली की धंदा बुडाला तरी घरादाराला धक्का लागत नाही, असं धरून चालणारे खूप आहेत. मुळात हे खरंही आहे. कायद्याच्या नजरेत कंपनी ही मालकांपासून वेगळी व्यक्ती असते. तिचं कर्ज तिनेच फेडायचं आणि भागधारकाने फक्त आपल्या शेअरची न भरलेली रक्कम द्यायची. दहा रुपयांच्या शेअरवर तुम्ही सहा रुपये भरले असतील तर प्रत्येक शेअरमागे चार रुपये देणं लागता. पूर्ण भरले असतील तर काहीच नाही. एलएलपीतही (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीतही), २००८ च्या कायद्यानुसार, फर्मचं देणं हे फर्मचंच देणं असतं.

तरीही बँकेच्या नोटिशीत डायरेक्टरच्या राहत्या फ्लॅटचं वर्णन चतुःसीमेसह छापून येतं. कायद्याने दिलेलं संरक्षण अशा वेळी कुणी बाहेरून तोडलेलं नसतं. बहुतेकदा मालकानेच सही करून ते सोडून दिलेलं असतं, आणि नेमकं कोणत्या कागदावर, हे त्याला आठवतही नसतं.

पर्सनल गॅरंटीवर न वाचता सही

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो. कर्ज मंजूर झालं की सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा समोर येतो. पानापानावर पेन्सिलने फुल्या मारलेल्या असतात. फुली दिसेल तिथे सही करत जायचं, पैसे खात्यात कधी येणार एवढंच डोक्यात. त्याच गठ्ठ्यात गॅरंटीचा करार असतो, म्हणजे कंपनीने कर्ज फेडलं नाही तर मी फेडेन, अशी हमी. कंपनीचा डायरेक्टर म्हणून केलेल्या पंचवीस सह्यांमध्ये ही एक सही तुम्ही स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मालमत्तेवर करता.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची, म्हणजे गॅरंटी देणाऱ्याची, जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं ठरलं असेल तरच ती कमी. आधी कंपनीकडून वसूल करा, उरलं तर माझ्याकडे या, हा युक्तिवाद चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालच्या बँक ऑफ बिहारच्या निकालातच तो नाकारला आहे. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिच्यावरची वसुली थांबली, तरी ती स्थगिती जामीनदाराला मिळत नाही. शिवाय डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांविरुद्धही दिवाळखोरी संहितेखाली कारवाई करता येते. ललितकुमार जैन खटल्यात मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली आणि कंपनीची निराकरण योजना (दिवाळखोरीत तिची देणी मिटवण्याची योजना) मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, हेही सांगितलं.

म्हणून सही करण्याआधी त्या करारात दोन गोष्टी शोधा. पहिली, रकमेला मर्यादा आहे का, की ‘व्याज, दंडव्याज व खर्चासह सर्व देणी’ असं मोघम लिहिलंय. दुसरी, गॅरंटी याच कर्जापुरती आहे की पुढे कर्जाची मर्यादा वाढली, नवं कर्ज घेतलं तरी चालू राहणारी आहे. बँक नाही म्हणेल म्हणून बरेच जण विचारतच नाहीत. विचारावं. एक ठरावीक मालमत्ता तारण देऊन गॅरंटीची रक्कम मर्यादित करून घेणं, किंवा ठरावीक हप्ते फिटल्यावर गॅरंटी कमी करण्याची अट घालणं, यावर बोलणी होऊ शकते. आणि विनातारण कर्ज म्हणजे विनागॅरंटी असं समजू नका. तारण नसलं तरी प्रवर्तकांची (कंपनी उभी करणाऱ्यांची) गॅरंटी मागितली जाऊ शकते.

याच चुकीचं दुसरं टोक म्हणजे कंपनी सोडताना गॅरंटी विसरणं. भागीदाराशी पटलं नाही, शेअर त्याला विकले, राजीनामा दिला, डीआयआर-१२ (डायरेक्टर बदलल्याची नोंद करणारा फॉर्म) भरला गेला. कंपनी खात्याच्या नोंदीतून नाव गेलं. बँकेच्या कागदावर मात्र ते तसंच आहे. चार वर्षांनी कर्ज थकलं की नोटीस तुमच्याही दारात येते. शेअर हस्तांतराच्या करारातच अट हवी: बँकेचं लेखी मुक्ततापत्र हातात आल्याशिवाय व्यवहार पूर्ण होणार नाही. ते मिळायला वेळ लागत असेल तर निदान पुढच्या व्यवहारांसाठी गॅरंटी मागे घेत असल्याची नोटीस बँकेला द्या. करार कायद्याच्या कलम १३० मध्ये ती सोय आहे, पण तुमच्या करारातल्या अटी आधी वकिलाला दाखवा.

चेक आणि सही

पुरवठादाराने तगादा लावला की काही मालक स्वतःच्या बचत खात्याचा चेक देऊन वेळ मारून नेतात. तो वटला नाही तर चेक देणारे तुम्ही स्वतः, कंपनी नव्हे. कंपनीच्या खात्याचा चेक परत गेला तरी सुटका नाही: पराक्राम्य दस्तऐवज कायद्याचं (चेकचे व्यवहार ज्यात येतात त्या कायद्याचं) कलम १४१ त्या वेळी धंदा चालवणाऱ्या, त्याला जबाबदार असलेल्या माणसालाही आरोपी करतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेक परत गेल्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर गुन्हा पूर्ण होत नाही. हे १५ दिवस वाया घालवू नका.

ऑर्डर, करार, कबुलीपत्र यांवर नुसतं नाव लिहून सही करू नका. वर कंपनीचं पूर्ण नाव ‘करिता’सह, खाली सही, तिच्याखाली ‘डायरेक्टर’. लेटरहेडवर आणि बिलांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. एलएलपीला तर आपली नोंदणी मर्यादित दायित्वाने झाली आहे हेही छापावं लागतं. समोरच्याला आपण कुणाशी व्यवहार करतोय हे कळलंच नाही, तर पुढे तो तुम्हाला व्यक्तिशः धरायला जागा शोधणारच.

कंपनीचं खातं म्हणजे घरचं पाकीट नव्हे

मुलाची फी, गाडीचा हप्ता, घराचं रंगकाम, सगळं कंपनीच्या खात्यातून जात असेल तर वेगळेपणाचा पुरावा तुम्हीच पुसताय. न्यायालयं कंपनीचा पडदा सहज बाजूला करत नाहीत, म्हणजे कंपनी आणि मालक एकच असं सहजी धरत नाहीत. पण फसवणुकीचा आरोप झाला तर असे खातेउतारे विरुद्ध पक्षाच्या हाती आयतं साहित्य देतात. पगार ठरवा, ठराव करा, तो पगार घ्या आणि घरखर्च त्यातून करा.

सरकारी देणी शेवटी ठेवणं

पैशांची ओढाताण सुरू झाली की पुरवठादाराला आधी आणि जीएसटीला नंतर, असा क्रम लागतो. माझ्या मते हा क्रम धोक्याचा आहे. पुरवठादाराचं देणं कंपनीपुरतं राहू शकतं. कराचं राहीलच असं नाही. प्रायव्हेट कंपनीकडून कर वसूल झाला नाही तर आयकर कायदा (१९६१ च्या कायद्यात कलम १७९) आणि सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याचं कलम ८९ त्या काळातल्या डायरेक्टरांना जबाबदार धरतं. थकबाकी आपल्या घोर दुर्लक्षामुळे, गैरकृत्यामुळे किंवा कर्तव्यभंगामुळे झाली नाही, हे डायरेक्टरला सिद्ध करावं लागतं. बैठकांची इतिवृत्तं आणि पाठपुराव्याचे ईमेल तेव्हा कामाला येतात, म्हणून ते तेव्हाचे तेव्हा जपायला हवेत. कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ तर कधीच वापरू नये. तो पैसा तुमचा नाही, त्यात फौजदारी गुन्हा लागतो.

बायकोला नावापुरती डायरेक्टर करणं

प्रायव्हेट कंपनीला किमान दोन डायरेक्टर लागतात, म्हणून घरातलंच दुसरं नाव घातलं जातं. मग बँक दोघांची गॅरंटी मागते, कराची जबाबदारी दोघांवर येते, आणि ज्या माणसाची मालमत्ता सुरक्षित राहावी असं वाटत होतं तीच अडकते. एकट्याचाच धंदा असेल तर एक व्यक्ती कंपनीचा पर्याय पाहा. तिथे एक डायरेक्टर पुरतो.

पाणी गळ्याशी आल्यावर घर नावावर करणं

नोटीस आल्यावर फ्लॅट भावाला बक्षीसपत्राने दिला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली, घेणेकऱ्यांना टाळण्याचा हेतू दिसल्यास, ते हस्तांतर त्यांना रद्द करून घेता येतं. कंपनीने नातेवाइकांचं देणं आधी फेडलं किंवा त्यांना स्वस्तात मालमत्ता दिली, तर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत मागची दोन वर्षं तपासली जातात. कंपनी वाचण्याची शक्यता नाही हे कळूनही डायरेक्टर उधारी वाढवत राहिला, तर दिवाळखोरी संहितेच्या कलम ६६ खाली त्याला स्वतःच्या खिशातून भर घालायला सांगता येतं.

संरक्षण करायचं ते धंदा चांगला चालू असताना. उदाहरणार्थ, विवाहित पुरुषाने १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली पत्नी-मुलांसाठी आयुर्विमा घेतला, तर ती रक्कम त्याच्या घेणेकऱ्यांच्या हाती लागत नाही. अट एकच, घेणेकऱ्यांना फसवण्यासाठी हप्ते भरलेले नसावेत. पॉलिसी घेतानाच तसं नमूद करावं लागतं.

नोटीस आलीच तर

सरफेसी कायद्याच्या (ज्याखाली बँक कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ शकते) कलम १३(२) ची नोटीस ६० दिवसांची असते. त्या मुदतीत लेखी हरकत घ्या: रकमेचा हिशेब, गॅरंटीची मर्यादा, मालमत्तेचं चुकीचं वर्णन, जे असेल ते. बँकेला १५ दिवसांत त्याला उत्तर द्यावं लागतं. शेतजमिनीवर या कायद्याखाली ताबा घेता येत नाही, तेव्हा तारणात शेतजमीन असेल तर सातबारा लगेच काढून हरकतीला जोडा. ताब्याची कारवाई झाली तर त्या दिवसापासून ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. मंजुरीपत्र, गॅरंटी करार आणि खातेउताऱ्याच्या प्रती बँकेकडून लेखी मागवा, आणि त्या हाती येईपर्यंत कोणत्याही नव्या कबुलीपत्रावर सही करू नका.