‘शाहचे मेहुणे’ एवढ्यावर नोंद संपवू नका

इराणी व्यक्तींवर मराठीत छोट्या चरित्रनोंदी लिहायला लागून मला बारा वर्षं झाली. दोनशे-तीनशे शब्दांचं काम, पण त्यातली एक जात फार छळते. ज्यांची ओळखच दुसऱ्याच्या नावाने होते ती माणसं: कुणाचा वजीर, कुणाची राणी, कुणाचा लाडका. माझी पहिलीच नोंद एकोणिसाव्या शतकातला इराणचा राजा नासिरुद्दीन शाह याच्या वजिरावर, अमीर कबीरवर होती. मी सुरुवात केली, ‘नासिरुद्दीन शाहचे मेहुणे व पंतप्रधान.’ कागद परत आला तेव्हा समासात तांबड्या शाईत एकच प्रश्न होता: ‘मग हे स्वतः कोण?’ तेव्हापासून जे शिकले ते इथे सांगते.

पहिल्या परिच्छेदात राजाला येऊच देऊ नका. राजा भेटायच्या आधी हा माणूस काय करत होता, तिथून सुरुवात करा. अमीर कबीर म्हणजे फराहान भागातल्या हजावे गावचा मिर्झा तकी. वडील कायम-मकाम या बड्या घराण्यात स्वयंपाकी. मुलगा त्याच घरात लिहायला शिकला, पुढे लष्करी प्रशासनात चढला आणि उस्मानी साम्राज्याशी सीमेचा वाद मिटवायला एर्झुरूममध्ये (आजच्या तुर्कस्तानात) काही वर्षं वाटाघाटी करत बसला. हे सगळं शाह गादीवर यायच्या आधीचं. १८४८ मध्ये सतरा वर्षांचा युवराज तब्रीझहून तेहरानला राज्य घ्यायला निघाला, तेव्हा त्या प्रवासाची व्यवस्था याच माणसाने लावली. इतकं लिहिलंत की गरज कुणाला कुणाची होती ते वाचकाला आपोआप कळतं. शाहच्या बहिणीशी लग्न त्यानंतरचं, १८४९ चं.

आता नावांकडे. काजार, म्हणजे नासिरुद्दीन शाहच्या घराण्याच्या काळातली अर्धी नावं ही नावं नसतातच, पदव्या असतात. ‘दौला’, ‘मुल्क’, ‘सल्तना’ असं शेवटी दिसलं की समजा, ही दरबारातून मिळालेली वस्तू आहे, आणि ती एकाकडून काढून दुसऱ्याला देता येते. त्याच्या कितीतरी आधी इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक तुर्कांचा वजीर निजाम-उल-मुल्क १०९२ मध्ये नहावंदजवळ मारला गेला. तीच पदवी पुढच्या शतकांत किती जणांनी मिरवली, हैदराबादसकट, ते आपल्याला सांगायला नको. (फडणवीस आणि चिटणीस यांच्या मुलखात पद कुठे संपतं आणि नाव कुठे सुरू होतं हे खरं तर चटकन कळायला हवं. तो ‘नवीस’ फारसीच आहे.) १९२५ मध्ये इराणने पदव्या रद्दच केल्या. म्हणून नोंदीत आधी मूळ नाव, मग पदवी.

जुन्या काळात घोटाळा उलटा असतो, नाव एक आणि माणसं दोन. प्राचीन इराणच्या दरबारातल्या एका बागोआसने राजा तिसऱ्या अर्तक्षत्राला विष दिलं आणि पुढे राजा तिसऱ्या दारयवहूने (डरायसने) त्यालाच विष प्यायला लावलं. दुसरा बागोआस दारयवहूच्या मर्जीतला, नंतर अलेक्झांडरच्या. दोघांना एका नोंदीत कोंबलेलं मी स्वतः छापून आणलंय, तेव्हा बोट दुसऱ्याकडे दाखवत नाही.

तारखा कागदावर मांडूनच बदला. अमीर कबीरचा मृत्यू इराणी सौर पंचांगात २० दय १२३०. यात नेहमीसारखे, इंग्रजी वर्ष काढायला, ६२१ मिळवले की १८५१ येतं, आणि ते चूक. दय हा दहावा महिना, त्याच्या मध्यात इंग्रजी वर्ष उलटतं. म्हणून इथे ६२२ मिळवायचे: १० जानेवारी १८५२. हीच घटना जुन्या कागदात चांद्र हिजरी १२६८ म्हणून येते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा लहान, त्यामुळे हा हिशोब तिथे चालत नाही; त्यात भोळेपणाने ६२१ मिळवलेत तर १८८९ होतं, म्हणजे अमीर मरून सदतीस वर्षं झाल्यावर तुम्ही त्याला मारणार.

त्या १८८९ मध्ये शाह युरोपच्या तिसऱ्या दौऱ्यावर होता आणि बरोबर मलीजक नावाचा पोरगा होता. एका राणीचा भाचा, शाहचा जीव की प्राण, पदवी अझीझ-उस-सुलतान. याच्याबद्दल लिहिताना पहिला प्रश्न विचारा, सांगतंय कोण? मलीजकची जी वाईट चित्रं आपल्यासमोर येतात, त्यातली बरीच इतिमाद-उस-सल्तना या दरबाऱ्याच्या रोजनिशीतून येतात. हा गृहस्थ शाहला युरोपी वर्तमानपत्रं वाचून दाखवायचा. विद्वान होता आणि कुढत होता. त्याचं घ्या, पण त्याच्या नावावर घ्या. मलीजकनेही मोठेपणी रोजनिशी लिहिली. दोन्ही बाजू हाताशी असताना एकीवर नोंद उभी करणं म्हणजे निव्वळ आळस.

क्रियापदं तपासा. ‘नेमले गेले’, ‘देण्यात आली’, ‘काढून टाकले’ अशी रांग लागली असेल तर तुमचा माणूस वाक्यात नुसता बसून आहे. त्याने काय केलं ते शोधा. दारुल-फुनून ही शाळा अमीरने उभारली आणि तिचं उद्घाटन डिसेंबर १८५१च्या अखेरीस झालं, तेव्हा तो बडतर्फ होऊन काशान शहरात नजरकैदेत होता. थोड्याच दिवसांनी तिथल्या फीन बागेतल्या हमामखान्यात शाहच्या हुकमाने त्याच्या शिरा कापल्या.

हे सगळं लावून पाहायला सर्वांत अवघड नोंद घ्या: अमीरची बायको. मूळ नाव मलिकजादा, पदवी इज्जत-उद-दौला. शाहची सख्खी बहीण. जुन्या नोंदीत ती दोनदा फक्त ‘दिली’ जाते. पण ती नवऱ्याबरोबर काशानला गेली. त्याच्यावर विषप्रयोग होऊ नये म्हणून त्याचं जेवण ती आधी चाखायची असं सांगतात. तिथे ‘सांगतात’ हा शब्द ठेवाच. नवरा मारल्यावर भावाने तिचं लग्न लावलं ते अमीरच्या जागी आलेल्या पंतप्रधान नूरीच्या मुलाशी. अमीरपासून झालेली तिची मुलगी पुढे युवराज मुजफ्फरुद्दीनला दिली, आणि त्या दोघांचा मुलगा मोहम्मद अली १९०७ मध्ये गादीवर बसला. म्हणजे हजावेच्या स्वयंपाक्याचा पणतू.

या नोंदीचं पहिलं वाक्य मी चार वेळा खोडलंय. सध्या ते ‘काशानला’ या शब्दाने सुरू होतं.