साबणात रेशीम विरघळवायचं कसं

घरच्या कोल्ड प्रोसेस साबणात (तेल आणि कॉस्टिक सोडा न शिजवता मिसळून केलेल्या) रेशमाचे तंतू विरघळण्याची वेळ एकच: कॉस्टिक पाण्यात पडून पाणी तापलेलं असतं तेव्हा. तेलात, ट्रेस आल्यावर (म्हणजे मिश्रण दाट होऊ लागल्यावर) किंवा थंड झालेल्या लायमध्ये (कॉस्टिकच्या पाण्यात) टाकलेलं रेशीम तंतूच राहतं आणि वडी कापली की त्यात केस अडकल्यासारखं दिसतं. ग्राहकाला ते रेशीम आहे हे कितीही समजावलं तरी तो ती वडी घेत नाही.

रेशीम म्हणजे फायब्रॉइन हे प्रथिन. तीव्र आणि गरम अल्कलीत त्याचे बंध तुटतात, लांब साखळीचे लहान तुकडे आणि अमिनो आम्लं होतात, आणि ती लायमध्ये विरघळून जातात. यातली गरम ही अट महत्त्वाची. एक भाग कॉस्टिक आणि दोन भाग पाणी असं मिसळलं की द्रावण आपोआप ८०-९० अंशांपर्यंत जातं. तेवढी दहा-पंधरा मिनिटंच काय ती आपल्या हातात असतात.

कुठलं रेशीम घ्यायचं? सर्वांत सोपा पर्याय म्हणजे हातसुताच्या सामानाबरोबर मिळणारा टसरचा किंवा तुती रेशमाचा पेळू, म्हणजे कातण्यासाठी पिंजून ठेवलेली तंतूंची वळकटी: रंगवलेला नसावा आणि त्यातला सेरिसिन हा गोंद काढलेला असावा. तुतीचं रेशीम पांढरं असतं आणि लवकर विरघळतं. टसर, म्हणजे आपल्या भंडारा-गडचिरोलीकडचा कोसा, अल्कलीला जास्त दाद देत नाही, त्यामुळे तो बारीक कापावा लागतो आणि थोडा जास्त वेळ घेतो. शिवाय त्याच्या मूळ रंगामुळे लाय फिकट सोनेरी होते. पांढराशुभ्र साबण हवा असेल तर तुती घ्या. हळद, मुलतानी माती किंवा मंजिष्ठा घालणार असाल तर टसरने काही बिघडत नाही.

अख्खे कोषही चालतात, पण ते कापून आतली अळी आणि तिची कात पूर्ण काढायला हवी. हा खटाटोप पेळू मिळत असताना करण्यात अर्थ नाही. जुन्या साडीचे तुकडे तर नकोतच. रंग कुठला, जर कसली, कापडाला काय चढवलंय, काहीच कळत नाही, आणि ‘सिल्क’ म्हणून विकलेलं बरंचसं कापड पॉलिस्टर किंवा व्हिस्कोस निघतं. पेळूबद्दलही शंका असेल तर चार तंतू चिमट्यात धरून जाळून बघा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि मागे उरलेली काळी गुठळी बोटाने चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. व्हिस्कोसला कागद जळल्याचा वास येतो.

प्रमाण: १ किलो तेलाला अर्धा ते एक ग्रॅम. पेळू इतका हलका असतो की एक ग्रॅम बघताना भरपूर वाटतो, म्हणून अंदाजाने चिमूट घेण्यापेक्षा सोनाराच्या पद्धतीचा छोटा डिजिटल काटा वापरा. जास्त घातल्याने साबण जास्त रेशमी होत नाही. लाय बुळबुळीत होते, वास वाढतो आणि वडी पिवळट पडते.

हिशेबासाठी एक कृती घेऊ:

खोबरेल तेल ३०० ग्रॅम
ऑलिव्ह पोमेस तेल ४५० ग्रॅम
कोकम बटर १५० ग्रॅम
एरंडेल १०० ग्रॅम
कॉस्टिक सोडा १४१ ग्रॅम
डिस्टिल्ड पाणी २८५ ग्रॅम
रेशीम १ ग्रॅम

यात ५ टक्के सुपरफॅट (साबण न होता मोकळं राहणारं तेल) धरलं आहे. तेल बदललं तर कॉस्टिक पुन्हा मोजायचं. रेशमासाठी मात्र कॉस्टिक वाढवायची गरज नाही: एक ग्रॅम रेशीम अगदी शेवटच्या बंधापर्यंत तुटलं तरी जेमतेम अर्धा ग्रॅम कॉस्टिक खाईल. पाच ग्रॅम घातलं तर हा आकडा अडीच ग्रॅमवर जातो आणि सुपरफॅट पावणेदोन टक्क्यांनी वर सरकतं. हेही कमी प्रमाण ठेवण्याचं एक कारण.

चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि उघडी खिडकी हे सगळं आधी. भांडं स्टीलचं किंवा तळाला ५ आकडा असलेल्या प्लास्टिकचं घ्या. ॲल्युमिनियम अजिबात नको. कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो.

पेळू आधी बोटांनी पिंजून मोकळा करा, मग धारदार कात्रीने अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून आखूड तुकडे करा. इथे आळस केला की पुढे तो गाळणीत दिसतो. लांब तंतू ढवळताना चमच्याभोवती गुंडाळले जातात, त्यांची गुठळी होते आणि गुठळीच्या आतपर्यंत लाय पोचत नाही.

हे तुकडे थंड पाण्यात टाकून पूर्ण भिजू द्या. कोरडं रेशीम वर तरंगतं, म्हणून चमच्याने दाबून बुडवा. आता कॉस्टिक थोडं थोडं पाण्यात सोडा आणि सतत ढवळत राहा. पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही. पहिल्या मिनिटात तंतू फुगून पारदर्शक दिसू लागतात, मग नाहीसे होतात. लाय थोडी गढूळ किंवा पिवळसर होते आणि ओल्या लोकरीचा वास येतो. हे ठीक आहे. मुरताना वास जातो.

काही तंतू उरले तर भांड्यावर झाकण ठेवून पंधरा मिनिटं थांबा, मधेमधे ढवळा. तरीही हटले नाहीत आणि लाय निवत चालली असेल तर लायचं भांडं कडकडीत गरम पाण्याच्या पातेल्यात उभं करा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये लाय तापवू नका. एवढं करूनही जे उरतं ते बहुधा रेशीम नसतंच: सुती धागा किंवा व्हिस्कोस असा विरघळत नाही, आणि पॉलिस्टरला इतक्या वेळात काही होत नाही. शेवटी लाय स्टीलच्या बारीक गाळणीतून तेलात ओता. सगळं विरघळल्यासारखं वाटलं तरी गाळाच.

दुधाचा साबण करणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण दूध करपू नये म्हणून ते गोठवून वापरतात आणि थंड लायमध्ये रेशीम जसंच्या तसं राहतं. उपाय असा: वरच्या कृतीत रेशीम आणि सगळं कॉस्टिक १४५ ग्रॅम पाण्यात विरघळवा, आणि उरलेल्या १४० ग्रॅमच्या जागी दूध घेऊन ते थेट तेलात मिसळा. पाणी १४१ ग्रॅमच्या खाली नेऊ नका, नाहीतर कॉस्टिकच पूर्ण विरघळणार नाही. अशी दाट लाय नेहमीपेक्षा जास्त तापते आणि शिंतोडे उडवते, तेव्हा कॉस्टिक आणखी हळू घाला.

पुढचं काम नेहमीचंच. लाय आणि तेल दोन्ही ४०-४५ अंशांवर आणून मिसळा. कोकम बटर पूर्ण पातळ आहे ना ते बघा. थंड तेलात ते आळून खोटा ट्रेस दाखवतं. स्टिक ब्लेंडर थांबत थांबत चालवा, पातळ ट्रेसला सुगंध आणि रंग घालून मोल्डमध्ये ओता. २४ ते ४८ तासांनी कापा, चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरू द्या. पावसाळ्यात कोकणपट्टीत वड्यांना घाम येतो. तो ग्लिसरिनने ओढलेला हवेतला दमटपणा असतो, रेशमाचा दोष नाही.

कापलेल्या वडीत पांढरे ठिपके दिसले तर रेशीम आणि कॉस्टिक यांत गल्लत करू नका. टाचणीने उकरल्यावर ओढून निघतो तो तंतू: दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. दाणेदार, कुरकुरीत ठिपका अथवा त्यात साचलेलं पाणी न विरघळलेल्या कॉस्टिकचं असू शकतं. पीएच पट्टी लावून खात्री होईपर्यंत ती वडी अंगाला लावू नका.

एवढं करून मिळतं काय? फेस किंचित मुलायम आणि बोटांखाली घसरता लागतो, वडीला हलकी चकाकी येते. त्वचा रेशमासारखी होईल वगैरे जाहिरातीत ठीक आहे. साबण धुऊन जातो, आणि त्यात एक हजारांश रेशीम असतं. बोअरच्या जड पाण्यात बसणारा साका याने कमी होत नाही.

विकणार असाल तर लेबलवर रेशीम स्पष्ट लिहा. कोष उकळताना आतला जीव मरतो, त्यामुळे जैन आणि वीगन ग्राहकांना हा साबण चालत नाही. त्यांच्यातले जे अहिंसा रेशीम मानतात त्यांच्यासाठी आसामचा एरी घेता येतो. त्याचा कोष एका टोकाला उघडा असतो, पतंग बाहेर पडल्यावर सूत कातलं जातं. तरीही विकणाऱ्याला कोष कसे गोळा केले ते विचारा, कारण एरीची अळी खाल्लीही जाते.