पॅकेट कुठवर पोचलं? नेटवर्किंगच्या पहिल्या सेमिस्टरबद्दल

फलटणहून पुण्याला आले तेव्हा नेटवर्क म्हणजे मोबाइलच्या कोपऱ्यातल्या दांड्या, एवढीच माझी समजूत होती. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला नेटवर्किंगचा विषय आला आणि पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर एकावर एक सात चौकोन काढले. आम्ही ते वहीत उतरवून घेतले. सेमिस्टर संपेपर्यंत निम्म्या वर्गाला सातही चौकोन तोंडपाठ होते, पण नेट बंद पडलं की काय करायचं ते कुणालाच सुचत नव्हतं. मी त्याच निम्म्यातली. आज खराडीत एका कंपनीच्या नेटवर्क सपोर्टमध्ये नाइट शिफ्ट करते. यंदा मावसभावानं पुण्यात ॲडमिशन घेतली. "ताई, हा विषय कसा करू?" म्हणून त्याचे फोन सुरू झाले. त्याला तुकड्यातुकड्यानं सांगितलं ते इथे सलग लिहिते आहे.

आधी त्या सात चौकोनांचं बघू. एका मशीनकडून दुसऱ्याकडे माहिती पोचवायचं काम सात थरांत वाटून दाखवतात, ते हे चौकोन, खालून वर: फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. हा क्रम लक्षात राहावा म्हणून सीनियरांनी सॉसेज पिझ्झाचं एक इंग्रजी वाक्य दिलं होतं, ते आमच्या मेसच्या पोळीभाजीवर काही चढेना. शेवटी मी 'फि-डे-ने-ट्रा-से-प्रे-ॲ' असं पाढ्यासारखं घोकलं. तेवढं पुरतं. मला कुणी सांगितलं नव्हतं ते असं, की हे सात थरांचं ओएसआय मॉडेल आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेचं प्रमाण म्हणून १९८४ मध्ये आलं, आणि अमेरिकेतलं अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं मूळ, १ जानेवारी १९८३ लाच टीसीपी/आयपी या आजही चालणाऱ्या नियमांवर गेलेलं होतं. म्हणजे गाडी आधीच रस्त्याला लागली होती, नकाशा मागून छापून आला. त्यामुळे खऱ्या पॅकेटमध्ये (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यात) सेशन आणि प्रेझेंटेशन असे वेगळे थर शोधायला जाऊ नका. मी दोन आठवडे शोधले. त्या दोघांच्या व्याख्या परीक्षेपुरत्या लिहा आणि पुढे चला.

थरांचा खरा उपयोग मला कळला तो सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत. एका संध्याकाळी सबमिशनच्या आदल्या दिवशी नेट बंद. आम्ही पाच जणी आणि सगळ्यांचं एकच वाक्य, "नेट गेलं." घरमालक काकूंनी राउटर बंद करून चालू केला, मग पुन्हा बंद करून चालू केला. मी पहिल्यांदाच वही बाजूला ठेवून खालून वर जायचं ठरवलं. राउटरचे दिवे लागलेत? लागलेत. माझ्या लॅपटॉपला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, मिळालाय? आयपीकॉन्फिग ही कमांड दिली, पत्ता १९२.१६८ नं सुरू होणारा, म्हणजे राउटरनं दिलेला. (तिथे १६९.२५४ दिसला असता तर डीएचसीपीकडून, म्हणजे राउटरमधल्या पत्ते वाटणाऱ्या सोयीकडून, पत्ता मिळालाच नाही आणि मशीननं आपल्या मनानंच एक लावून घेतला, असा अर्थ.) गेटवेला (बाहेर जायचं दार, इथे तो राउटरच) पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारं पॅकेट धाडलं, उत्तर आलं. बाहेर गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग केलं, तिथूनही उत्तर आलं! आणि तरी एकही साइट उघडेना. म्हणजे तार, वाय-फाय, पत्ता, रस्ता सगळं शाबूत होतं, फक्त नावावरून पत्ता सांगणारं डीएनएस गप्प होतं. लॅपटॉपमध्ये डीएनएसचा पत्ता हातानं भरला आणि नेट सुरू. काकूंनी त्या रात्री मला चहा करून दिला. ज्यांना पुण्यातले घरमालक ठाऊक आहेत त्यांना याचं मोल कळेल.

तर हा विषय म्हणजे मला एकच प्रश्न वाटतो: कुठवर पोचलं? "नेट चालत नाही" हे उत्तर नसतं. कुठवर चालतं आणि कुठून पुढे चालत नाही, ते सांगायचं.

हाच प्रश्न माझी आई मला फोनवर विचारायची. स्वारगेटहून फलटणची एसटी धरली की अर्ध्या-अर्ध्या तासानं फोन. सासवड आलं का? जेजुरी? नीरा? लोणंद गेलं का? ट्रेसराउट ही कमांड नेमकं हेच करते. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देतो, वर 'तुमचं पॅकेट माझ्याकडे संपलं' असा निरोप मागे धाडतो. ट्रेसराउट पहिल्यांदा टीटीएल एक ठेवून पाठवतं, मग दोन, मग तीन, आणि आलेल्या निरोपांवरून वाटेतली गावं लिहून काढतं. विंडोजवर ही कमांड ट्रेसर्ट नावानं आहे. मधल्या एखाद्या ओळीत नुसत्या चांदण्या आल्या तर घाबरू नका. दिवे घाटात माझा फोन लागायचा नाही, म्हणून गाडी काही थांबलेली नसायची. काही राउटर उत्तर द्यायचंच नाही अशा बेतानं लावलेले असतात. पुढच्या ओळी येतायत ना, मग झालं.

पिंग तर यापेक्षा साधं. माइक मूस यांनी ते १९८३ मध्ये लिहिलं आणि नाव ठेवलं सोनारच्या आवाजावरून. सोनार म्हणजे पाणबुडीतला, लक्ष्मी रोडवरचा नव्हे. आमच्या वर्गात तोंडी परीक्षेला एकीनं खरोखर तसं सांगितलं होतं. पिंगमधल्या मिलिसेकंदांकडे मात्र नीट बघा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेचा पूर्व किनारा इथून तेरा हजार किलोमीटरच्या आसपास धरला, तर जाऊन यायलाच १३० मिलिसेकंद हवेत. एखाद्या अमेरिकन साइटकडून २० मिलिसेकंदांत उत्तर आलं, तर ते देणारं मशीन अमेरिकेत असूच शकत नाही. त्या साइटची प्रत जवळपास, बहुधा मुंबईत, ठेवलेली असते. हा हिशेब मी व्हायवाला सांगितला आणि एक्सटर्नल सरांनी पुढचा प्रश्नच विचारला नाही.

आता केबलबद्दल. प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात मोलाचा भाग हाच. नेटवर्क केबलच्या टोकाच्या आरजे-४५ कनेक्टरला आठ तारा लावायच्या असतात. क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. याला टी५६८बी म्हणतात. मला हा क्रम वेडावाकडा वाटला. निळी जोडी हिरव्या जोडीच्या मध्ये कशाला घुसवायची? मी आपली जोडीला जोडी लावली: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीनं लागले. मी खूश.

लॅबमधले मामा बघत होते. त्यांनी काही न बोलता माझी ती पंधरा-वीस मीटरची केबल दोन मशीनना जोडली आणि एक मोठी फाइल कॉपी करायला लावली. ती रांगत रांगत गेली, मध्येच लिंक तुटली. मग त्यांनी समजावलं. शंभर मेगाबिटच्या नेटवर्कमध्ये सिग्नल जातो १-२ आणि ३-६ या जोड्यांवरून. तारा एकमेकींना पीळ देऊन ठेवलेल्या असतात, कारण बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडे त्यांच्यातला फरक घेतला की तो निघून जातो. माझ्या केबलमध्ये तीन नंबरची तार हिरव्या जोडीतली आणि सहा नंबरची निळ्या जोडीतली. दोघींना एकमेकींचा पीळच नाही. टेस्टर फक्त तार इथून तिथे पोचली का ते बघतो, तिची जोडीदार कोण हे त्याला कळत नाही. तारांना पीळ देण्याची ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची, १८८१ च्या पेटंटमधली. मामांचं शिक्षण किती झालं होतं मला माहीत नाही, पण फिजिकल लेयर मी त्यांच्याकडून शिकले.

केबल घ्यायची तर तपकीर गल्लीत जा, पण नुसतं केबलच्या दर्जाचं नाव घेऊन 'कॅट फाइव्ह ई द्या' म्हणू नका. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही त्याच नावानं स्वस्तात मिळते. चार वेळा वाकवली की तुटते. पूर्ण तांब्याची मागा, दहा मीटर पुरे. कनेक्टर मात्र वीस घ्या. पहिले आठ वाया जाणार आहेत.

सबनेटिंगला, म्हणजे नेटवर्कचे पत्ते छोट्या गटांत वाटण्याला, सगळे घाबरतात. मला त्यात पिनकोडनं तारलं. आपली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ची, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली. ते संस्कृत कवीही होते. सदाशिव पेठेचा पिन ४११०३०. नागपुरात पत्र टाकलं तर तिथल्या माणसाला सदाशिव पेठ कुठे आहे हे ठाऊक असायची गरज नाही. पहिले तीन आकडे ४११ दिसले की पुण्याच्या थैलीत टाकायचं. उरलेलं ०३० पुण्यातले लोक बघतील. राउटरही पूर्ण पत्ता बघत बसत नाही, सुरुवातीचा भाग बघून दिशा ठरवतो. फरक एवढाच, की पिनमध्ये तोडायची जागा ठरलेली आहे, तीन आकड्यांनंतर. आयपीतही आधी अशाच ठरलेल्या जागा होत्या, त्याच ए, बी, सी क्लासच्या. १९९३ मध्ये ती पद्धत मोडीत निघाली आणि कुठे तोडायचं ते पत्त्यासोबतच तिरप्या रेघेनंतर लिहू लागले. क्लास अजून पेपरात विचारतात, तेव्हा पाठ करा. कामावर मला ते फारसे लागलेले नाहीत.

उदाहरण घ्या: १९२.१६८.१०.७७/२६. एकूण ३२ बिट, त्यातले २६ नेटवर्कचे, उरले ६. दोनाचा सहावा घात ६४. म्हणजे वाड्याच्या खोल्या चौसष्ट-चौसष्टच्या ओळींत: ० पासून, ६४ पासून, १२८ पासून, १९२ पासून. ७७ कुठे बसतो? ६४ च्या ओळीत. ओळीतला पहिला आकडा ६४ हे नेटवर्कचं नाव, शेवटचा १२७ हा ब्रॉडकास्ट (ओळीतल्या सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता), मधले ६५ ते १२६ वापरायला मोकळे, एकूण ६२. इंटर्नलला मी प्रिंटरला १२७ दिला होता. पाचपैकी एक मार्क. तो एक बहुधा अक्षराचा. तेव्हापासून ओळीची दोन्ही टोकं आधी खोडून मगच मधले आकडे वाटते. रोज दहा गणितं, आठवडाभर, पाठकोऱ्या कागदावर. बाकी युक्ती नाही.

वायरशार्क हे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर पहिल्याच महिन्यात टाकून घ्या. फक्त स्वतःच्या मशीनवर, स्वतःचीच पॅकेटं बघा. कॉलेजच्या वाय-फायवर दुसऱ्यांची बघायचा मोह आवरा, आमच्या एकाला त्यापायी पालकांना घेऊन यावं लागलं. एक साइट उघडा आणि काय काय उडतं ते बघा. आधी डीएनएस, मग टीसीपीचं तीन टप्प्यांचं बोलणं: सिन, सिन-ॲक, ॲक. त्यात अधूनमधून एआरपी दिसेल, आयपी पत्त्यावरून मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) विचारणारा. तो म्हणजे वाड्याच्या चौकात उभं राहून मारलेली हाक: "कुलकर्णी कोण?" ऐकतात सगळे, उत्तर एकानंच द्यायचं. आणि 'मीच कुलकर्णी' म्हणणारा खरंच कुलकर्णी आहे का, हे कुणी तपासत नाही. यातूनच पुढे सुरक्षेच्या अनेक भानगडी निघतात.

या हाकेनंच मला नोकरी दिली म्हणायला हरकत नाही. मुलाखतीत नेहमीचा प्रश्न आला: ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबलं की काय होतं? मी डीएनएसपासून सुरुवात केली. समोरच्या बाईंनी थांबवलं, "डीएनएसचा प्रश्न तुझ्या मशीनबाहेर पडला कसा? गेटवेचा मॅक पत्ता तुला कुणी दिला?" पाठ केलेलं उत्तर तिथे संपलं. पण वायरशार्कमधली ती ओळ डोळ्यांसमोर आली, आणि मी वाडा, चौक, कुलकर्णी सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या. दोन आठवड्यांनी बोलावणं आलं.

सिस्कोच्या सीसीएनए सर्टिफिकेटची घाई दुसऱ्या वर्षात करू नका, परीक्षेची फी हलकी नाही. तिचा अभ्यासक्रम उघडा आहे, तो आपल्या सिलॅबसशेजारी ठेवून काय सुटतंय तेवढं बघा. पॅकेट ट्रेसर हे नकली नेटवर्क बांधून बघायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, खातं उघडलं की मिळतं. राउटिंगचा सराव त्यावरच करा. फक्त त्यातली केबल कधी चुकीची क्रिंप होत (कनेक्टरमध्ये दाबून बसवली जात) नाही, हे ध्यानात असू द्या. अप्पा बळवंत चौकातली सेमिस्टरअखेरची पातळ पुस्तकं पास करतात, त्यांना नावं ठेवणार नाही, मीही घेतली होती. जर्नल मात्र दर आठवड्याला तपासून सही घ्या. शेवटच्या दिवशी मॅडमच्या केबिनबाहेरची रांग जिन्यापर्यंत जाते.

क्रिंपिंग टूल विकत घेऊ नका. कॉट बेसिसवर किंवा हॉस्टेलमध्ये कुणाकडे ना कुणाकडे असतंच, आठवड्यापुरतं मागून आणा. माझं तिसऱ्या वर्षाला असंच कुणीतरी मागून नेलं, ते अजून परत आलेलं नाही.