स्वस्तात घरचा सोडा: दुसऱ्याला सल्ला देताना या चुका टाळा

“मेल्या, तुझ्या सोड्यान माझी मांडणी फोडल्यान!”

वेंगुर्ल्याहून काकीचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. चार दिवसांपूर्वी मीच तिला आल्याचा सोडा शिकवला होता. “बाटली कुठली घेऊ?” असं तिने विचारलं होतं आणि मी मोठ्या रुबाबात सांगितलं होतं, “कुठलीही चालेल, विकत काही आणू नको.” तिने सरबताची रिकामी काचेची बाटली घेतली, झाकण गच्च बसवलं आणि ती मांडणीवर ठेवली. रात्री कधीतरी बाटली फुटली. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं म्हणून निभावलं, पण काचेचे तुकडे पार सुक्या बांगड्याच्या डब्यामागे जाऊन पडले होते.

कुडाळ ते मालवण या पट्ट्यात आम्ही सात-आठ जण साखर आंबवून फसफसणारी पेयं करायचा हा उद्योग करतो: आल्याचा सोडा, रातांब्याचा (कोकमाच्या फळाचा) सोडा, कोंबुचा म्हणजे आंबवलेला गोड चहा. नवीन माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न “खर्च किती?” आणि आमचं उत्तर तयार, “शून्य!” हे शून्य म्हणताना जी मजा येते ना, तिनेच आमच्या हातून बहुतेक चुका करवल्यात.

“कुठलीही बाटली चालते”

नाही चालत. एवढी एक चूक टाळलीत तरी बाकीचं पुढे शिकता येईल.

साधा हिशेब आहे. १ लिटर पाण्यातली ४ ग्रॅम साखर पूर्ण आंबली की साधारण १ लिटर वायू तयार होतो. बाजारातल्या थंड पेयात लिटरमागे साडेतीन-चार लिटर वायू दाबून भरलेला असतो, आणि जिभेला तेवढा पुरतो. म्हणजे फसफसण्यासाठी १५-१६ ग्रॅम साखर पुष्कळ झाली. आपण गोडीसाठी घालतो ८० ग्रॅम. ती सगळी बंद बाटलीत आंबली तर एका लिटरच्या बाटलीत २० लिटर वायू कोंबल्यासारखं होईल. तो बाहेरच येणार, झाकणातून नाहीतर काचेतून.

तेव्हा नवशिक्याला एकच सांगा: थंड पेयाची प्लॅस्टिकची रिकामी बाटली घे. घरात लग्नकार्य होऊन गेलं असेल तर त्या फुकटच मिळतात. बाटली उलटी करून बघायला लावा. तळाला पाच पाकळ्या असतील तर ती दाब सोसणारी. पाण्याच्या बाटलीचा तळ तसा नसतो आणि तिचं प्लॅस्टिकही पातळ असतं, ती नको. दुसरा फायदा असा की प्लॅस्टिकची बाटली बोटांनी दाबून बघता येते. भरली त्या दिवशी ती मऊ असते. दुकानातल्या न उघडलेल्या बाटलीसारखी टणक लागली की उचलून थेट फ्रीजमध्ये. काचेची बाटली फुटेपर्यंत काही सांगत नाही. मात्र प्लॅस्टिकच्या बाटलीत उकळतं पाणी ओतू नका म्हणावं, ती आक्रसते आणि तिचा आकार बिघडतो. धुण्याच्या सोड्याने धुवायची, मग उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीनदा विसळायची.

जुन्या गोटी सोड्याच्या बाटल्या ज्यांच्या माळ्यावर आहेत त्यांना हमखास मोह होतो. मलाही झाला होता. ती गोटी गळ्यातल्या रबरी कडीवर बसते ती आतल्या वायूच्या रेट्याने, आणि बाटली भरायला यंत्र लागतं. घरच्या सोड्यात दाब हळूहळू चढतो, तोवर गोटी खालीच. शोभेला ठेवा.

वेळेत फ्रीजमध्ये ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल होतो. बाटली टणक होताच फ्रीजमध्ये गेली तर अल्कोहोल किरकोळ राहतो, पण राहतो. लहान मुलं, गरोदर बाई, दारू सोडलेला माणूस यांच्या हातात पेला देण्याआधी हे सांगायचंच. आणि आठवडाभर बाहेर विसरलात तर तो सोडा बिअरच्या वाटेला लागतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी दारू करता येत नाही. “जरा आणखी ठेव, मजा येईल” हा सल्ला म्हणून देऊ नये.

“दोन चमचे साखर, मूठभर आलं”

कोणाचा चमचा? आमच्याकडे चमचा म्हणजे पोह्याचा, काकीकडे आमटीचा. शून्य खर्चाच्या नादात आम्ही वजनकाटा कधी सुचवलाच नाही, आणि मग प्रत्येकाची बाटली वेगळी वागायची. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा काही शेकड्यांत येतो. या छंदात पहिला खर्च करायचा तर यावर करा. हजारो रुपयांचं ‘किट’ घेऊ का असं कोणी विचारलं, तर आधी काटा घे म्हणा.

आमचं माप असं आहे. विरजणासाठी, म्हणजे सोडा आंबवायच्या बियाण्यासाठी, अर्धा लिटर पाणी, १५ ग्रॅम सालासकट किसलेलं आलं आणि १५ ग्रॅम साखर. रोज तेवढंच आलं आणि तेवढीच साखर त्यात घालत जायची, तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं. बुडबुडे जोरात यायला लागले की विरजण तयार. सोड्यासाठी १ लिटर पाण्यात २५ ग्रॅम आलं आणि ८० ग्रॅम साखर उकळायची, पूर्ण गार करायची, गाळून त्यात १०० मिली विरजण. ‘पूर्ण गार’ हे दोनदा सांगा. आमच्यातल्या एका मास्तरांनी कोमट म्हणून चांगलंच गरम पाणी ओतलं, विरजण मेलं, आणि आठ दिवस ते आल्याला दोष देत होते.

आलं सालासकटच हवं, कारण आंबवणारे जीव सालावरच असतात. पाकिटातली आल्याची पेस्ट स्वस्त आणि सोयीची, पण तिच्याने काही होत नाही.

दुसऱ्या हवेतली कृती

बहुतेक कृती २०-२२ अंशांच्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. त्यात ‘तीन दिवस बाहेर ठेवा’ म्हटलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये मालवणात दुपारी ३२-३३ अंश, रात्रीही २६ च्या खाली उतरायचं नाव नाही. तापमान दहा अंशांनी चढलं की आंबण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. तीन दिवसांचं काम इथे दीड दिवसात, कधी एका दिवसातच उरकतं. म्हणून दिवस सांगू नका, बाटली दाबून बघायला सांगा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

गारव्याचाही एक सल्ला घाटावरून येतो: भांड्याला ओलं गोणपाट गुंडाळा. पुण्या-नाशकाकडे तो बरोबर आहे. तिकडची हवा कोरडी, गोणपाटातलं पाणी भराभर उडतं आणि भांडं गार होतं. आपल्याकडे मे महिन्यात दोरीवरचा टॉवेल संध्याकाळपर्यंत दमटच असतो, मग गोणपाटातलं पाणी उडणार कसं? मी करून बघितलंय. गारवा नाही आला, गोणपाटाला तिसऱ्या दिवशी बुरशी मात्र आली. त्यापेक्षा घमेल्यात पाणी घ्या, त्यात बाटल्या उभ्या करा आणि फ्रीजमध्ये गोठवलेली पाण्याची एक बाटली सकाळ-संध्याकाळ त्यात सोडा. जागा जमिनीवरची, कोपऱ्यातली. पत्र्याखालचा माळा अजिबात नको.

“घरात आहे तेच वापर”

हा सल्ला ऐकायला गोड, पण समोरच्याच्या घरात काय आहे हे विचारल्याशिवाय द्यायचा नाही.

रातांब्याचा सोडा एकीला सांगितला. “कोकम घाल,” एवढंच म्हणालो. तिच्या घरात होतं आगळ. आगळ म्हणजे मिठात मुरलेला रस, सोलकढीला उत्तम, पण त्यातल्या मिठापुढे विरजणाचं काही चालत नाही. चार दिवस बाटली मऊ ती मऊच. दुसऱ्याने विकतचं कोकम सरबत घातलं, आणि तेही गप्प. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं तर त्यात परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) होतं. आंब्याचा रस टिकवायला आपल्याकडे ‘केएमएस’ (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) घालतात, तेच किंवा सोडियम बेन्झोएट. ज्या वस्तूने आंबणं थांबवायचं, तीच घालून आंबण्याची वाट बघत बसायचं! तेव्हा हंगामात ताजे रातांबे, एरवी बिनमिठाची सुकी सोलं, आणि तीही वाळवणाऱ्याला विचारून घ्यायची.

पाण्याचंही तसंच. पावसाळ्यात गावच्या विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पूड, पडते. पडायलाच हवी. पण त्या दिवशीचं पाणी थेट विरजणात घातलं तर क्लोरीन विरजणाला मारतं, आणि उरलंसुरलं जगलं तरी चवीला औषधी वास राहतो. पाणी उकळून उघड्या पातेल्यात गार करायचं, किंवा रात्रभर उघडं ठेवायचं. फुकट उपाय आहे, फक्त आठवण हवी. “विरजण मेलं” अशी तक्रार जून-जुलैत आली की माझा पहिला प्रश्न पाण्याचाच असतो.

भांड्यांच्या बाबतीत थोडं कडक बोलावं लागतं. रातांबा आंबट, कोंबुचाही आंबट. बिनकल्हईचं पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांत ती पेयं ठेवायची नाहीत. रंगाची बादली कितीही घासली तरी नाही. बाजारात मिळणारा जुना निळा पिंपही नाही, त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. लोणच्याची चिनी मातीची बरणी चालते, पण आतल्या चकाकीला तडे नकोत. शिवाय तिचा मोहरी-हिंगाचा वास जाता जात नाही. आमच्या पहिल्या कोंबुच्याला कैरीच्या लोणच्याचा सुगंध होता. साधी काचेची बरणी घ्या, फडकं बांधून ठेवायच्या उघड्या कामाला ती पुरते.

फ्रीजवर फार भरवसा

आंबणं फ्रीजमध्ये थांबत नाही, रेंगाळतं. हे मला मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात कळलं. वीज गेली आणि लवकर येईना. फ्रीजमध्ये सोड्याच्या नऊ बाटल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहज हात लावला तर प्लॅस्टिक दगडासारखं, आणि दोन बाटल्यांचे तळ फुगून उभ्या राहीनात. एकेक बाटली परसात नेऊन झाकण पाव आटा सैल करायचं, फुस्स झालं की पुन्हा बंद, असं करत बसलो. झाकण एकदम उघडलं असतं तर सगळा सोडा माडावर.

आपल्याकडे पहिल्या पावसात वीज जाणार हे गृहीत धरूनच सल्ला द्या. जूनमध्ये एका वेळी दोन-तीन बाटल्याच भराव्यात, आणि वीज सहा-सात तासांहून जास्त गेली की बाटल्या दाबून बघाव्यात. काचेच्या असतील तर हात लावायच्या आधी त्यांवर जाड गोणपाट टाका. तेवढ्या कामाला ते उपयोगी आहे.

कोंबुच्याची चकती दिली, आंबट पाणी दिलंच नाही

कोंबुच्याचं बियाणं विकत घ्यायची गरजच नाही, एकाकडे असलं की गावभर होतं. पण देताना सगळे बरणीत पेयावर तयार होणारी ती जाड चकती देतात, कारण ती दिसायला काहीतरी असते. खरं काम खालच्या आंबट पाण्याचं. नव्या चहात ते दहाव्या हिश्शाने हवं, म्हणजे चहा पहिल्या दिवसापासून आंबट राहतो आणि बुरशीला जागा मिळत नाही. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) बघायची कागदाची पट्टी असेल तर सुरुवातीलाच ४.५ च्या खाली आलं पाहिजे. नाही आलं तर आणखी आंबट पाणी घाला.

चहा साधा, दुकानातला सुटा घेतला तरी चालतो: लिटरला ६ ग्रॅम, साखर ७० ग्रॅम. मसाल्याचा नको, सुगंधी तेल लावलेलाही नको. साखरेत काटकसर करू नका, ती त्या जिवांचं जेवण आहे. कृतीत दहा-चौदा दिवस लिहिलेले असतात. इथे उन्हाळ्यात पाचव्या दिवसापासून चव बघायला लागा, नाहीतर घरात शिरका तयार.

फडकं विणीला दाट हवं. जाळीदार कापडातून चिलटं आत जातात आणि मग अळ्या होतात.

वर पांढुरकी, सपाट, जराशी सुरकुतलेली साय आली तर घाबरायचं कारण नसतं. हिरवे, काळे, कोरडे, केसाळ ठिपके दिसले तर ती बुरशी. तेव्हा चकती, पाणी सगळं परसात ओतायचं, वरचा ठिपका काढून खालचं वाचवायचं नाही. नवशिक्याचा फोन आला की फोटो मागवा. शब्दांत सांगताना प्रत्येकाची साय ‘पांढरीच’ असते.

आणि हे बियाणं एसटीने पाठवणार असाल तर बाटली पाऊणच भरा, झाकण सैल ठेवून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. मी गच्च बंद करून सावंतवाडीला पाठवलेली बाटली चालकाच्या केबिनमध्ये, इंजिनाशेजारी ठेवली गेली होती. ती उतरवून घेणाऱ्याने मला फोनवर काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.